बांधावरचा होकार

१

गवत कापायच्या आधी गवताला विचारायचं, ही रीत आमच्याकडे नाथाजींनी आणली.

नाथाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, बनूअक्काचे यजमान. फौजेत असताना ते लष्कराच्या वैरणीच्या शेतीवर ट्रॅक्टर चालवत. पेन्शनीवर आले ते तिथल्या लिलावातला एक छोटा परदेशी ट्रॅक्टर आणि त्याच्या मागं जोडायचं गवत कापायचं यंत्र घेऊनच. मूलबाळ नव्हतं, म्हणून दोघं आमच्या वस्तीवर येऊन राहिली. उंब्रजपासून सायकलीच्या टप्प्यावर, तारळीच्या काठी आमची वस्ती. मी तेव्हा उंब्रजच्या शाळेत मराठी शिकवत होतो आणि सुट्टीत दिवाळी अंकांसाठी कथा लिहीत होतो. घरात म्हशी होत्या. लिहिणं माझं होतं, पण घर चालायचं ते दुधावर.

त्या यंत्राला नाथाजी नीट ‘फ्लेल मोअर’ म्हणत. गावानं त्याचं ‘झोडप्या’ केलं, आणि ते नाव जास्त बरोबर होतं. लोखंडी पेटीच्या आत एक आडवा रूळ, रुळाला बोल्टवर लोंबती पाती. रूळ फिरला की पाती ताठ होतात आणि उभं गवत झोडपून काढतात. दगड आडवा आला तर पातं मागं वळतं, सहसा मोडत नाही. आमच्या लहान लहान तुकड्यांच्या रानाला आणि त्या बारक्या ट्रॅक्टरला ते सोयीचं होतं.

रानात गिनीगवत. तुकडे पाडलेले, एक कापून होईस्तोवर दुसरा कापणीला यावा असे. वाढलं की छातीला लागतं. आत माणूस बसला तर बाहेरून दिसत नाही. वस्तीवरच्या बाया विळा घेऊन आत शिरतात, कुणी लेकराला गारव्याला निजवतं, दुपारचं कुणी आडवं होतं. म्हणून इंजिन बंद ठेवून मोठ्यानं हाक द्यायची, “गवतात कोण हाय का?” बांधावर बाभळीखाली दुसरं माणूस उभं पाहिजे. त्यानं काठीनं गवत सारत मधल्या वाटेनं पार त्या टोकाला जायचं, बघायचं, परत बांधावर येऊन सांगायचं, “कोण न्हाई. घाला.” मगच किल्ली फिरवायची.

“गप ऱ्हायलं म्हंजे कोण न्हाई, असं धरायचं न्हाई, बाळासो,” नाथाजी मला सांगत. “होकार यायाच पायजे.” लष्कराच्या शेतीवर काय घडलं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

एका सकाळी नाथाजी चहा पिता पिता गेले. त्यानंतर ट्रॅक्टरवर मी बसू लागलो आणि बांधावर माझी बायको साळू. ती सावकाश चालायची. गवतातून तिची काठी पुढं पुढं जाताना दिसायची, कुठं थांबायची, मागं वळायची. मला घाई.

“झालं का?” मी ओरडायचो.

“चालतीय न्हवं?” आतून यायचं. “आवं, तुमाला एक कथा लिवाय म्हैना लागतो, तवा मी इचारती का झालं का म्हणून? बसा निवांत.”

मग बाभळीखाली यायची, पदरानं तोंड पुसायची आणि म्हणायची, “कोण न्हाई. घाला.”

२

शहात्तर सालच्या माघात साळू काविळीनं गेली. मुलगी सांगलीला दिलेली. ती दिवस घालायला आली, राहिली, परत गेली. घरात अक्का आणि मी. मी शाळेत रजा टाकली ती वाढवत गेलो. लिहिणं बंद पडलं. म्हशींना मात्र वैरण लागतच होती, म्हणून रोज रानात जाणं सुटलं नाही.

यंत्राचं सगळं मी नाथाजींनी शिकवलं तसंच करत होतो. सुरू करायच्या आधी रुळाच्या दोन्ही बाजूंच्या बेरिंगांना ग्रीस. पट्ट्याचा ताण अंगठ्यानं दाबून बघणं. गिअरबॉक्सचं तेल. काम झालं की इंजिन बंद, किल्ली खिशात, पेटी वर उचलून तिच्याखाली लाकडाचा ठोकळा, मग हात आत. रुळाच्या टोकांना गवताच्या काड्या दोरासारख्या गुंडाळून बसतात, त्या चाकूनं कापून काढायच्या. एकेका पात्याला हलवून बघायचं, बोल्ट ढिला नाही ना. हे करताना डोकं रिकामं राहायचं. मला तेवढंच हवं होतं.

बांधावर आता अक्का. ती गवताला शिव्या देत आत जायची आणि बाहेर येऊन आधी एकदा खाकरायची. “कोण न्हाई रं. घाल.” तिचं सांगणं असं.

चैत्रातली गोष्ट. दुपार कलली होती. अक्का पाण्याची कळशी विसरली म्हणून वस्तीकडे परत गेली होती. ती गेलेली मी पाहिली होती, पण ग्रीस भरता भरता ते मनातून गेलं. हात पुसले, सीटवर बसलो आणि सवयीनं हाक दिली.

“कोण न्हाई. घाला.”

मी किल्ली फिरवली, रूळ जोडला आणि निघालो. पहिली फेरी अर्धी झाली तेव्हा वस्तीच्या वाटेनं कळशी घेऊन येणारी अक्का दिसली.

मी ट्रॅक्टर थांबवला नाही. थांबवून काय करणार होतो? बाभळीखाली कुणी नव्हतं. एक होला खाली उतरून दाणे टिपत होता. माणूस तिथं असतं तर तो उतरला नसता.

संध्याकाळी मी स्वतःशी नीट विचार केला. कितीतरी पावसाळे हाकेमागून तेच शब्द कानावर पडलेले. हाक दिली की कान पुढचं स्वतःच भरून घेत असणार. शिवाय मी कथा लिहिणारा. नसलेल्या माणसांची बोलणी ऐकण्यातच माझी अर्धी हयात गेली. हे सगळं पटण्यासारखं होतं आणि मला पटलंही. फक्त एक होतं. ‘घाला’ म्हणताना साळूचा ‘ला’ थोडा लांबायचा. तसाच तो लांबला होता, आणि ते मी विसरलो होतो. कान विसरलेलं कसं भरतील?

३

त्यानंतर मी अक्का नसताना जाऊ लागलो.

कारणं सापडायची. अक्काचे गुडघे दुखतात. तिनं दूध घालायला जावं, मी तेवढ्यात एक तुकडा उरकतो. तिला ती कारणं खोटी वाटली असतील, पण ती दुधाची किटली उचलून निघायची. मी इंजिन बंद ठेवून सीटवर बसायचो. वारा पडलेला असला तर नदीपलीकडच्या मोटेचासुद्धा आवाज यायचा. मी हाक द्यायचो. बाभळीकडून होकार यायचा. मी लगेच किल्ली फिरवत नसे. तेवढा आवाज हवेत जिरेपर्यंत बसायचो.

मी बाभळीकडे बघत नसे. का, ते सांगता येणार नाही. घरात साळू मागे उभी राहून बोलायची तेव्हाही मी वळून बघत नसे, लिहीतच राहायचो. तसं समजा.

दिवसाला एक होकार मिळायचा आणि त्यासाठी कापायला काहीतरी लागायचं. वैरणीपुरतं कापून झालं तरी मी जायचो. घोट्याएवढं गवत असलं तरी त्यावर यंत्र घालायचो. कापलेलं रानात वाळून जायचं. एकच मोठा तुकडा, नदीकडचा, मी राखून ठेवला होता. त्याला फुलोरा येऊ लागला तरी हात लावला नव्हता. तो कापला की बरेच दिवस कापायला काही उरणार नाही, हे मला कळत होतं.

त्या दिवसांत अक्काही रानात जास्त रमू लागली. दुपारची विळा घेऊन जायची आणि ओंजळभर गवत घेऊन परतायची. तिच्या लुगड्याला मागच्या बाजूनं गवताचं बी चिकटलेलं असायचं. एकदा मी लांबून पाहिलं. नदीकडच्या तुकड्याच्या तोंडाशी ती एकटीच उभी होती आणि डोक्यावरून पदर घेत होती, कपाळापर्यंत. ऊन होतं. मी तेवढंच मनात घेतलं.

४

वैशाखात एक पातं गेलं. बोल्ट तुटून ते कुठं उडालं सापडलं नाही, आणि रूळ हिसके देऊ लागला. मोअर घेऊन मी उंब्रजला दिलावरकडे गेलो. दिलावरचं नाक्याजवळ वेल्डिंगचं दुकान. नाथाजींचा तो दोस्त. पानाचा तोबरा भरून तो पेटीखाली आडवा शिरला आणि आतूनच बोलू लागला.

“मास्तर, ही पाती कवा बसवली हुती?”

“दिवाळीला.”

“मंग रान काय नदीपल्याड बी घेतलं का काय?”

“नाही.”

“न्हाई कसं? पार झिजून गेल्यात. आख्ख्या तालुक्याची वैरण कापल्यागत.” तो बाहेर आला, पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलं. “म्हशीसंगट तुमी बी खाताय व्हय?”

मी हसलो. त्यानं तुटलेल्या जागी नवीन पातं बसवलं आणि मग समोरचं धड पातंही काढलं. एक नवं आणि समोरचं जुनं असलं तर वजन सारखं राहत नाही, रूळ थरथरतो आणि बेरिंग खातो. म्हणून पाती जोडीनंच बदलायची. जुनं पातं त्यानं भंगाराच्या डब्यात टाकलं.

“बांधावर कोण असतं आता? वैनी गेल्यापासनं?”

“अक्का असते.”

“आसूं द्या. एकट्यानं घालायचं काम न्हाई ते.” हात पुसत तो जरा थांबला. “आन कान दावून घ्या एकदा सातारला. आमच्यात ट्रॅक्टरवाल्यांचं कान जात्यात. जायच्या आधी भलतंच आयकू येतंय. आमच्या चुलत्याला तर अजान आयकू यायची, भर उसात, कवाबी.”

“मग?”

“मग काय. त्यो म्हनायचा, बरं झालं, नमाज चुकत न्हाई.”

दिलावर स्वतःच खूप हसला. परत येताना मला हलकं वाटायला हवं होतं, कारण त्यानं सगळ्याचा उलगडा एका वाक्यात केला होता. पण मला ते नको होतं. कान बरे झाले तर होकार जाईल, एवढंच वाटत राहिलं.

५

मी त्या होकाराला आणखी काही विचारून पाहिलं.

एका दुपारी हाक दिली, होकार आला, आणि मी किल्लीला हात न लावता म्हणालो, “साळू, दमलीस का?”

मी थांबून पुन्हा विचारलं.

“पाणी प्यालीस का?”

बाभळीच्या शेंगा वाजल्या. मग माझ्या प्रश्नाशी काही संबंध नसल्यासारखं तेच आलं, “कोण न्हाई. घाला.” तसंच लांबवलेलं. आदल्या दिवसासारखंच, त्याच्या आदल्या दिवसासारखंच.

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाईट वाटण्यापेक्षा वेगळं काहीतरी वाटलं. नंतर मी लक्ष देऊ लागलो आणि एक गोष्ट ध्यानात आली. ती आधीच यायला हवी होती. होकार लगेच येत होता. साळूला या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाऊन यायला वेळ लागायचा. त्या वेळात मी वैतागायचो, आभाळ बघायचो, कथेचं एखादं वाक्य जुळवायचो. आमच्या संसारातला बराचसा वेळ तसाच गेला, तिची वाट बघण्यात. हा होकार मात्र हाक संपता संपता यायचा. पुढं पुढं तर माझं ‘हाय का’ तोंडात असतानाच.

गवतात न जाताच कुणीतरी सांगत होतं, की गवतात कुणी नाही.

हे कळल्यावर मी जाणं सोडायला हवं होतं. मी स्वतःला म्हणालो, जिवंत माणसाला चालावं लागतं, तिला आता कशाला चालावं लागेल? आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.

६

ज्येष्ठ लागला होता. आभाळ भरून यायचं आणि न पडताच निघून जायचं. बाकीचे तुकडे मी खरवडून टाकले होते, म्हशींना दोन वेळा पुरेल एवढीही ओली वैरण नव्हती. नदीकडचा तुकडा कापणं भाग होतं.

सोमवार, उंब्रजचा बाजार. न्याहारी झाल्यावर अक्कानं पिशवी घेतली. “येती रं,” म्हणाली. “दुपारच्या भाकरी झाकून ठेवल्यात.” ती वाटेला लागली आणि मी मोअर जोडायला घेतला.

रानात पोचलो तेव्हा ऊन नव्हतं, सगळीकडे एकसारखा उजेड होता. गवत माझ्या छातीच्याही वर गेलेलं. मी इंजिन बंद केलं आणि हाक दिली.

“गवतात कोण...”

“कोण न्हाई. घाला.”

मी बसून राहिलो. उतरून एकदा मधून चालत जाऊन यावं असं मनात आलं. अक्का बाजारला गेली होती, वस्तीवरच्या बायाही बाजारला. मी किल्ली फिरवली.

आम्ही बाहेरून आत कापत जातो. कडेनं फेऱ्या मारायच्या, दर फेरीला कापलेला पट्टा सुटत जातो आणि मध्ये उभ्या गवताचं बेट उरतं. ते लहान लहान होत जातं. ससा, मुंगूस, काही आत असेल तर ते मध्ये मध्ये सरकतं आणि शेवटी पळतं. त्या दिवशी काही पळालं नाही. रूळ छान चालला होता, दिलावरच्या हातचा. कापलेल्या गवताचा ओला वास भरून राहिला होता. मला बरं वाटत होतं, हे लिहायला हवं.

काही फेऱ्यांनंतर बेटाच्या मध्यावर तुरे हलताना दिसले. वारा नव्हता. थोडे हलायचे, थांबायचे. कोल्हा असेल. पुढच्या फेरीला मी वेग कमी केला. तेवढ्यात होकार आला. झोडप्या चालू असताना माणूस शेजारी ओरडला तरी कळत नाही. पण हे कळलं. त्या आवाजाच्या वरून नव्हे, खालून आल्यासारखं.

“घाला.”

मी न मागितलेला होकार तो पहिलाच.

वळणावर आलो तसा बांध समोर आला, आणि त्या दिवसापर्यंत जे टाळलं होतं ते मी केलं. बाभळीकडे पाहिलं. तिथं कुणी उभं नव्हतं. बुंध्याशी अक्काची बाजाराची पिशवी होती, रिकामी, घडी घातलेली. तिच्यावर वाऱ्यानं उडू नये म्हणून एक दगड. आणि शेजारी तिच्या चपला, देवळाबाहेर काढून ठेवाव्यात तशा, एकमेकींना लावून.

मी पाय दाबला, रूळ सोडवला, इंजिन बंद केलं. सोडवल्यावरही रूळ बराच वेळ स्वतःच्या वजनानं फिरत राहतो. पाती एकेक करून खाली लोंबकळेपर्यंत मी सीटवर होतो. मग शांत झालं.

“अक्का!”

“कोण न्हाई,” बाभळीकडून आलं. “घाला.”

“अक्का, आत आहेस का?”

“कोण न्हाई. घाला.”

मी किल्ली खिशात टाकली आणि उतरलो.

७

बेट आता अंगणाएवढंच उरलं होतं. मी दोन्ही हातांनी गवत सारत आत गेलो.

मधोमध अक्का बसली होती. एक गुडघा वर, त्यावर हात, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. मान जराशी उजवीकडे. नाथाजी खाटेवर बसून फौजेतलं काही सांगायचे तेव्हा ती जमिनीवर अशीच बसायची, त्यांच्याकडे न बघता, ऐकत.

तिच्या उजव्या हाताला गवत दबलेलं होतं. माणूस बसेल एवढी जागा. मी बघत असताना त्यातली एक काडी उठली. मग दुसरी. मग बऱ्याच, सावकाश, एकमेकींना सोडवत. गिनीगवताचं मला माहीत आहे. कालचं दबलेलं असं उठत नाही. वजन नुकतंच निघालं असेल तरच ते उठतं.

“थांबवलंस का?” अक्का म्हणाली.

मी म्हणालो, “तू आत होतीस.”

“हितवर झोडप्या येनार न्हवता. ‘बस’ म्हनले, मी बसले.”

“कोण म्हणालं?”

तिनं मान वर केली. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. धडा न कळलेल्या पोराकडे बघावं तसं ती माझ्याकडे बघत होती.

“आता तू इचारनार व्हय मला?”

“अक्का, उठ.”

“बांधाकडं तोंड करून रोज कुनाला हाका मारत हुतास रं? मला ठावं न्हाई व्हय? दूध घालाय जा, गुडघं दुखत्यात, बाजारला जा. मी काय बोलले का तुला? म्हनलं ऐकू दे बिचाऱ्याला. तुझं तू ऐकलंस. माजं मला ऐकू दे.”

“कधीपासून येतेस इथं?”

“चैत्रापासनं.”

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. तिच्या उजवीकडे बघायचं नाही एवढं ठरवून बसलो. “साळू बघून आल्याशिवाय सांगायची नाही,” मी म्हणालो. “हे न बघता सांगतं. आत्ता तू इथं असताना मला सांगितलं, कोण नाही. घाला म्हणालं. ती साळू नव्हे, अक्का.”

हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोललो. बोलल्यावर साळू माघात गेली तशी पुन्हा एकदा गेली.

अक्का हळू म्हणाली, “तुझी नसंल. माजं हैत.”

“काय बोलतात?”

“बस म्हनत्यात.”

“आणखी?”

तिनं पदर आणखी पुढं ओढला.

“आणखी काही बोलतात का, अक्का? कधी? तुझ्या गुडघ्याचं विचारलं? अर्ध्या राहिलेल्या चहाचं काही म्हणाले?”

“बस म्हनत्यात,” ती म्हणाली. या वेळी आवाज बारीक होता. पण उठली नाही. दबलेल्या जागेवर तिनं हात ठेवला, अंथरुणाची घडी सारखी करावी तसा फिरवला. मला कळलं, मी कितीही समजावलं तरी ही उठायची नाही. आज नेलं तरी उद्या परत येऊन बसेल, आणि उद्या कदाचित मी पिशवीकडे बघणार नाही.

तेव्हा बांधाकडून कुणीतरी खाकरलं.

मग आवाज आला. वैतागलेला, थोडा घोगरा. “कोण न्हाई रं. घाल.”

अक्कानं हात उचलला आणि स्वतःच्या ओठांवर ठेवला. ओठ मिटलेले होते. तिनं ते बोटांनी चाचपून बघितले. माझ्याकडे पाहिलं, मी ‘तू नाही’ अशी मान हलवली.

“कोण न्हाई रं,” बाभळीखालून तिचाच आवाज म्हणाला. “घाल.”

अक्का उठली. उठताना गुडघे धरावे लागतात तिला, तसे धरले. उजवीकडच्या जागेकडे तिनं एकदा पाहिलं. तिथलं गवत आता जवळजवळ उभं राहिलं होतं. डोक्यावरचा पदर तिनं मागं सारून खांद्यावर घेतला.

“चल,” म्हणाली.

“तुझ्या चपला...”

“ऱ्हाऊ देत.”

बांधाची वाट सोडून आम्ही उलट्या अंगानं, कापलेल्या रानातून निघालो. ताजे खुंट पायाला टोचतात. ती अनवाणी होती, पण चाल सोडली नाही. मी मागं होतो. आम्ही दोघांनीही मान वळवली नाही. ट्रॅक्टर तिथंच होता, पाती लोंबत, समोर ते बेट.

८

दारात अक्का थांबली. मी आत जाऊ लागलो तर हातानं अडवलं.

अंगणातल्या हौदातून तिनं बादली भरली, माझ्या पायांवर पाणी ओतलं आणि मग डोक्यावरून. पुन्हा भरली आणि स्वतःच्या डोक्यावर रिती केली, लुगड्यासकट. मसणवट्यातून आलेल्या माणसांना दाराशी असं पाणी देतात. नाथाजींच्या वेळी आम्हाला साळूनं दिलं होतं आणि साळूच्या वेळी अक्कानं. आज द्यायला तिसरं कुणी नव्हतं, म्हणून तिचं तिनंच घेतलं.

ओल्या अंगानं आम्ही ओट्यावर बसलो. तिच्या तळव्यांतून रक्त येत होतं. मी धडपा आणून दिला, तिनं तो पायाला गुंडाळला. गोठ्यात म्हशी हंबरत होत्या.

“आज गेले ते,” अक्का म्हणाली.

“हो,” मी म्हणालो. “तीही.”

दुपारच्या भाकरी झाकलेल्याच राहिल्या. चूल त्या संध्याकाळी पेटवली नाही. दिवस मावळेपर्यंत रानाकडून काही आवाज आला नाही. आम्ही दोघंही ऐकत होतो, हे मात्र खरं.